ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टवर मुलाबाळांना घेऊन पहिल्यांदाच जाताना

मनगटावर रिस्टबँड बांधला की आठवडाभर पाकिटाला हात लावायचा नाही, ही ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टची मूळ कल्पना. खोली, नाश्ता, दोन वेळचं जेवण, अधलंमधलं खाणं, पेयं, पोहण्याचे तलाव, संध्याकाळचे कार्यक्रम, सगळ्याचे पैसे घरून निघण्याआधीच भरलेले. कल्पना जुनी आहे. बेल्जियमच्या जेरार ब्लिट्झ यांनी १९५० साली स्पेनच्या मायोर्का बेटावर, अल्कुदियाच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून ‘क्लब मेड’ या आपल्या सुट्टी-क्लबची पहिली वसाहत उभी केली. राहणं, जेवण आणि खेळ एकाच रकमेत. पुढे याच क्लबच्या वसाहतींमध्ये बारवरची पेयं मात्र वेगळी मोजली जायची, आणि लोक गळ्यातल्या माळेतले प्लॅस्टिकचे मणी काढून त्यांचे पैसे द्यायचे.

ते मणी लक्षात ठेवा. ‘सगळं आलं’ या शब्दांना तेव्हाही कुठेतरी कुंपण होतं आणि आजही आहे. ते कुंपण नेमकं कुठे आहे हे बुकिंगच्या आधी माहीत असेल, तर पुढचा आठवडा खरोखर निवांत जातो. नसेल तर रोज रिसेप्शनवर हुज्जत घालावी लागते.

पायरी १ : आधी महिना ठरवा, मग देश

बहुतेक जण उलट करतात. छान फोटो बघून देश ठरवतात आणि मग शाळेच्या सुट्टीत तो बसवतात. मुलं बरोबर असताना हवामान चुकलं तर बाकी काही बरोबर असून उपयोग होत नाही.

तुर्कस्तानच्या अंतल्या किनाऱ्यावर हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दुपारी पारा पस्तिशीच्या वर सहज जातो, त्यामुळे लहान मुलांसाठी जून किंवा सप्टेंबर कितीतरी बरा. इजिप्तमध्ये लाल समुद्राकाठी हुर्घाडा आणि शर्म अल-शेखला उन्हाळ्यात चाळिशी गाठणारी उष्णता असते. हिवाळ्यात दिवस छान उबदार असतात, पण वारा सुटतो आणि तलावाचं पाणी गार पडतं. हिवाळ्यात जाणार असाल तर ‘तलाव तापवलेला असतो का, आणि कोणता?’ हा प्रश्न विचाराच. पाच तलावांपैकी एकच तापवलेला असतो आणि तो नेमका मुलांचा नसतो, असं घडतं.

कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोच्या कानकूनकडचा किनारा यांच्यासाठी १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम. जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर. याच काळात दर उतरलेले दिसतात, ते का, हे त्यावरून कळेल. त्याच पट्ट्यात २०११ पासून सर्गासम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ वसंत आणि उन्हाळ्यात मोठ्या प्रमाणावर किनाऱ्याला लागू लागलं आहे. डोमिनिकन रिपब्लिकमधलं पुंता काना असो की मेक्सिकोतलं तुलुम, शेवाळाचा ढीग साचला की कुजका वास येतो आणि पाण्यात उतरणं नकोसं होतं. त्या महिन्यांत जाणार असाल तर मोठा तलाव असलेलं रिसॉर्टच निवडा. मालदीवमध्ये मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारे असतात, कोरडे महिने साधारण जानेवारी ते एप्रिल. मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे, तिथे ऋतू उलटे चालतात.

पायरी २ : ‘सगळं’ म्हणजे काय ते लेखी घ्या

ही पायरी सर्वात महत्त्वाची. फोनवर ‘हो हो, सगळं आहे’ हे उत्तर मिळालं तरी ईमेलवर पुन्हा विचारा.

आधी शब्द समजून घ्या. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. फुल बोर्ड म्हणजे तिन्ही वेळचं खाणं, पण पेयं बहुधा वेगळी. ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये पेयं आणि अधलंमधलं खाणंही येतं. तुर्कस्तानात ‘अल्ट्रा ऑल-इन्क्लुझिव्ह’ हा प्रकार खूप चालतो, त्यात रात्री उशिरापर्यंतचं खाणं, आयात केलेली मद्यं, खोलीतला मिनीबार असं बरंच काही असू शकतं. ‘असू शकतं’ म्हणते, कारण या शब्दांची ठरलेली कायदेशीर व्याख्या नाही. प्रत्येक रिसॉर्ट आपापली यादी करतं, आणि तुम्हाला हवी आहे ती यादी.

विमानतळावरून रिसॉर्टपर्यंतचा प्रवास पैशांत धरलेला आहे का, हा पहिला प्रश्न. मालदीवला तर हाच मोठा खर्च असू शकतो, कारण बेटावर स्पीडबोटीने किंवा सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, जावं लागतं. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर ती रात्र राजधानी मालेजवळच काढावी लागेल आणि तिचे पैसे रिसॉर्टच्या आठवड्यात धरलेले नसतील. विमानाचं तिकीट काढण्याआधी रिसॉर्टला उतरण्याची वेळ कळवून विचारा. हे उलट क्रमाने करून पस्तावलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

मग आ-ला-कार्त रेस्तराँ, म्हणजे बुफे सोडून जिथे टेबलावर मागवून जेवतात ती. आठवड्यात किती वेळा फुकट, आरक्षण लागतं का, मुलांना प्रवेश आहे का? काही ठिकाणी संध्याकाळी पुरुषांना लांब पँट घालावी लागते, तेही विचारून घ्या. पाण्यातल्या खेळांपैकी इंजिन नसलेले, म्हणजे कयाक, पेडल बोट वगैरे बहुधा समाविष्ट असतात. जेट स्की, पॅरासेलिंग, बनाना बोट जवळपास नेहमी वेगळी.

किड्स क्लब पुष्कळ ठिकाणी चार वर्षांपासून पुढच्या मुलांसाठीच असतो. त्याहून लहान मूल असेल तर पालकाला सोबत बसावं लागतं किंवा पैसे देऊन आया ठेवावी लागते. मुलांच्या दराची वयोमर्यादाही नीट वाचा, वय बुकिंगच्या दिवशीचं धरतात की प्रवासाच्या? मधे वाढदिवस येत असेल तर रक्कम बदलू शकते. आणि शेवटचा प्रश्न : तिथे पोचल्यावर भरायचा एखादा कर आहे का? मालदीवचा ग्रीन टॅक्स दर माणशी दर रात्री लागतो. तो तुमच्या रकमेत धरला आहे की नाही, ते स्पष्ट करून घ्या.

पायरी ३ : खोली

‘फॅमिली रूम’ म्हणजे कधी दोन वेगळ्या झोपण्याच्या खोल्या, तर कधी एकाच खोलीत सोफ्याचा पलंग. क्षेत्रफळ आणि आराखडा मागवा. दोन खोल्या घेणार असाल तर ‘शेजारच्या’ आणि ‘आतून दाराने जोडलेल्या’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जोडलेल्या हव्या असतील तर ‘विनंती नोंदवली’ यावर समाधान मानू नका, खात्री लेखी घ्या.

ज्या खोलीच्या गच्चीतून थेट तलावात उतरता येतं ती फोटोत फार मोहक दिसते. मूल लहान असेल तर ती घेऊ नका. तुम्ही अंघोळीला गेलात आणि सरकतं दार उघडं राहिलं, एवढंच पुरतं. रात्रीच्या कार्यक्रमांच्या रंगमंचाशेजारची खोलीही नको. गाणी अकरापर्यंत चालतात आणि मुलं आठला पेंगतात.

पायरी ४ : कागदपत्रं

मुलांचे पासपोर्ट आधी तपासा. मोठ्यांपेक्षा त्यांची मुदत लवकर संपते, आणि अनेक देश प्रवेशाच्या दिवसापासून पुढे सहा महिने मुदत शिल्लक असावी अशी अट घालतात. आई किंवा वडील एकटेच मुलांना घेऊन जाणार असतील, किंवा आजी-आजोबा नेणार असतील, तर न येणाऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि जन्मदाखला जवळ ठेवा. सगळीकडे मागत नाहीत, पण जिथे मागतात तिथे त्याशिवाय अडकून पडता.

प्रवास विम्यात पाण्यातले खेळ धरलेत का ते बघा. मद्य घेतल्यावर झालेला अपघात बहुतेक विमे भरून देत नाहीत, हेही लक्षात असू द्या. लसींसाठी डॉक्टरांकडे निदान सहा ते आठ आठवडे आधी जा.

पायरी ५ : बॅग भरताना

खोली बहुधा दुपारी दोन-तीन वाजता मिळते. तुम्ही सकाळी पोचलात तरी रिस्टबँड बांधून देतात, जेवायला आणि तलावावर जाऊ देतात. पण पोहण्याचे कपडे मोठ्या बॅगेत तळाशी असतात आणि बॅगा लॉबीत कुलूपबंद. म्हणून प्रत्येकाचा पोहण्याचा पोशाख, टोपी, सनस्क्रीन आणि चपला एका हातातल्या पिशवीत ठेवा. औषधंही त्यातच, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सनस्क्रीन केबिनमध्ये न्यायचं तर बहुतेक विमानतळांवर बाटली १०० मिलीपर्यंतचीच चालते, मोठी बाटली चेक-इनच्या सामानात टाका.

सनस्क्रीन किती लागेल याचा हिशोब करा. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिली लागतं. दोन मोठी, दोन लहान मिळून एका वेळी ९० मिलीच्या आसपास. दिवसातून दोनदा लावलं तरी २०० मिलीची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी. रिसॉर्टच्या दुकानात तेच अव्वाच्या सव्वा दराने मिळतं. यावर सोपा उपाय म्हणजे मुलांना लांब बाह्यांचे, अतिनील किरण अडवणारे पोहण्याचे शर्ट. मग चेहरा, मान, हात-पाय एवढंच उरतं.

मुलांच्या पोशाखाचा रंगही विचार करून घ्या. निळा, पांढरा, राखाडी रंग पाण्यात दिसेनासा होतो. भडक नारिंगी, गुलाबी, पोपटी दुरूनही दिसतो. ही सौंदर्याची नाही, सुरक्षिततेची गोष्ट आहे.

आणखी काही वस्तू ज्या मला दर वेळी उपयोगी पडल्या : झाकणाचा मोठा मग (बारवरचे पेले इवलेसे असतात), खडकाळ तळासाठी रबरी बूट, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, डास पळवणारं मलम आणि लहान बाळ असेल तर आठवड्याला पुरतील एवढे डायपर.

पायरी ६ : पोचल्यावरचा पहिला तास

मुलं तलावाकडे धावतील. एकाने त्यांच्याबरोबर जावं, दुसऱ्याने तीन कामं उरकावीत. आ-ला-कार्तची आरक्षणं करावीत, कारण चांगल्या वेळा पहिल्याच दिवशी संपतात. किड्स क्लबमध्ये नाव घालावं आणि मुलाला सोडायला-न्यायला कोण येणार हे तिथे लिहून द्यावं. डॉक्टर आवारातच आहेत की बोलवावे लागतात, ते विचारावं.

खोलीत शिरल्यावर बाल्कनी बघा. कठड्याजवळच्या खुर्च्या आणि टेबल आत ओढून घ्या, मूल त्यावर चढतं. नळाचं गरम पाणी किती कढत येतं ते स्वतःच्या हाताने तपासा. मुलाच्या मनगटावर तुमचा फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधा. सगळ्या इमारती सारख्या दिसतात, मोठी माणसंसुद्धा पहिले दोन दिवस चुकतात.

पायरी ७ : पाणी

इथे मी थोडी जास्त थांबणार आहे.

आमची धाकटी तेव्हा पाच वर्षांची. तलावाच्या पायऱ्यांवर बसून बादलीने पाणी ओतत होती. काठावर आम्ही चौघं मोठी : मी, नवरा, नणंद आणि तिचे यजमान. चौघांनाही वाटत होतं की बाकीच्या तिघांपैकी कोणीतरी बघतंय. ती एक पायरी खाली सरकली, मग आणखी एक. आवाज नाही, हाक नाही, हात हलवणं नाही. एका अनोळखी बाईंनी तिला काखेत धरून वर उचललं, तेव्हा आम्हाला कळलं. तिला काही झालं नाही. पण तो सगळा प्रकार किती शांत होता, हे मी आजही विसरू शकत नाही.

बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असताना श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, ओरडणार कुठून? म्हणून ‘काही झालं तर आवाज येईलच’ हा भरवसा मनातून काढून टाका. दुसरी गोष्ट, जीवरक्षक सगळ्या तलावांवर असतातच असं नाही, आणि असले तरी ठरावीक वेळेपुरते. रिसॉर्टने जेवणाची, झोपण्याची, करमणुकीची जबाबदारी घेतलेली असते. तुमच्या मुलावर नजर ठेवण्याची नाही. ‘सगळं आलं’चं कुंपण इथे संपतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे लाल टोपीची पद्धत आहे. ज्याच्या डोक्यावर टोपी, त्याने फक्त पाण्याकडे बघायचं. फोन नाही, पुस्तक नाही, मद्य नाही, बारकडे जाणं नाही. वीस मिनिटांनी टोपी दुसऱ्याच्या हातात द्यायची, आणि देताना तोंडाने म्हणायचं, ‘आता तू.’ समोरच्याने ‘घेतली’ म्हटल्याशिवाय पहिल्याने उठायचं नाही. पोहता न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर मोठ्या माणसाने हात पोचेल एवढ्या अंतरावर पाण्यातच असावं. दंडाला बांधायचे फुगे आणि फुगवलेली चाकं ही खेळणी आहेत, जीवरक्षक साधनं नव्हेत. ती निसटतात, आणि उलटतातही.

समुद्रावर झेंडे बघा. कॅरिबियन आणि मेक्सिकोच्या किनाऱ्यांवर बहुधा हिरवा म्हणजे पाणी शांत, पिवळा म्हणजे सावध राहा, लाल म्हणजे धोका मोठा, दोन लाल किंवा काळा म्हणजे पाण्यात उतरायला बंदी. जांभळा झेंडा जेलीफिशसारख्या उपद्रवी जिवांसाठी. युरोपात आणि इतरही बऱ्याच ठिकाणी अर्धा लाल अर्धा पिवळा झेंडा जीवरक्षकाची नजर असलेला भाग दाखवतो, पोहायचं ते अशा दोन झेंड्यांच्या मधे. परतीचा प्रवाह, म्हणजे किनाऱ्यावरून समुद्राकडे जोराने परत जाणारं पाणी, तुम्हाला आत ओढू लागला तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर या आणि मग परता. तेही जमत नसेल तर पाठीवर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा.

लाल समुद्र किंवा मालदीवमध्ये प्रवाळ असेल तर त्यावर उभं राहू नका. ते जिवंत असतं, एका पावलाखाली वर्षानुवर्षांची वाढ मोडते. शिवाय पायाला झालेली जखम लवकर भरत नाही.

पायरी ८ : ऊन आणि दिवसाची आखणी

तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन सर्वात कडक असतं. त्या वेळात मुलं सावलीत किंवा खोलीत. आमचा दिवस असा असतो : लवकर नाश्ता, अकरापर्यंत पाणी, मग जेवण, दुपारी झोप किंवा पडदे ओढून पत्ते, चारनंतर पुन्हा पाणी. पहिल्या दिवशी मुलं कुरकुरतात, तिसऱ्या दिवशी आपणहून झोपतात, आणि रात्रीच्या कार्यक्रमाला जागी राहतात.

सनस्क्रीन निदान एसपीएफ ३०चं, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, आणि दर दोन तासांनी, शिवाय पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात नेऊच नका. डासांचं मलम सनस्क्रीनच्या नंतर, वरून लावायचं. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, त्यामुळे ते फक्त संध्याकाळसाठी ठेवू नका.

पायरी ९ : बुफे

पहिल्यांदा ताट न घेता एक पूर्ण चक्कर मारा. काय कुठे आहे ते बघा, मग ठरवा. गरम पदार्थ वाफाळता हवा, साधारण ६० अंशांच्या वर. थंड पदार्थ खरंच थंड हवा, ५ अंशांच्या आसपास किंवा खाली. यांच्या मधलं, कोमट झालेलं, बराच वेळ मांडून ठेवलेलं सोडून द्या. समोर शिजवून देणारा काउंटर मुलांसाठी सर्वात भरवशाचा. बुफे उघडतानाच जा, शेवटच्या अर्ध्या तासात नको. चमचे शेकडो हातांतून फिरतात, म्हणून ताट भरून झाल्यावर, खायला बसण्याआधी हात धुवा.

इजिप्त, मेक्सिको, डोमिनिकन रिपब्लिक इथे नळाचं पाणी पिऊ नका, दातही बाटलीच्या पाण्याने घासा. पोट बिघडलंच तर ओआरएस सुरू करा, आणि त्या मुलाला तलावात सोडू नका. क्लोरीनला दाद न देणारे काही जंतू तलावात दिवसच्या दिवस टिकतात आणि इतरांनाही आजारी करतात. मूल सुस्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा जुलाबात रक्त दिसलं तर लगेच डॉक्टर.

ॲलर्जी असेल, शाकाहारी असाल तर पहिल्याच जेवणाला मुख्य शेफना भेटा. तिथल्या भाषेत छापलेलं छोटं कार्ड जवळ असेल तर उत्तम. माझ्या अनुभवात शेफ मंडळी मनापासून मदत करतात, फक्त आधी सांगावं लागतं.

पायरी १० : एक दिवस फाटकाबाहेर

सगळं आत मिळतं म्हणून आठवडाभर आतच राहणारी कुटुंबं पुष्कळ, आणि मला ते फार खटकतं. अंतल्याहून अस्पेंदोसचं दुसऱ्या शतकातलं रोमन नाट्यगृह जवळ आहे. मुलं वरच्या पायरीवर बसतात, कोणीतरी खाली मधोमध उभं राहून बोलतं आणि ते वर स्पष्ट ऐकू येतं, हा खेळ त्यांना फार आवडतो. कानकूनहून चिचेन इत्झाला जाता येतं, पण रस्ता काही तासांचा आहे, उजाडताच निघा. हुर्घाडाहून लक्झरची मंदिरं एका दिवसात दाखवतात खरी, पण गाडीत जाता-येता मिळून आठेक तास जातात. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना घेऊन मी तरी ते करणार नाही.

पायरी ११ : निघण्याचा दिवस

खोली बहुधा बाराला सोडावी लागते, आणि विमान रात्रीचं असतं. उशिरा सोडण्याची सोय किंवा अंघोळीसाठी तात्पुरती खोली मिळते का, ते आदल्या दिवशी विचारा. बिलही आदल्या रात्रीच बघून घ्या, सकाळी रांग असते आणि चुकीच्या नोंदीवर बोलायला वेळ उरत नाही. कोणी स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर शेवटची बुडी आणि विमान यांच्यात निदान १८ तास हवेत, २४ असतील तर अधिक चांगलं. खोली झाडणाऱ्या, टेबलावर वाढणाऱ्या माणसांसाठी टीप म्हणून थोड्या सुट्या नोटा ठेवल्या असतील, तर त्या लिफाफ्यात घालून स्वतःच्या हाताने द्या. मुलांनाही बरोबर न्या, नावाने आभार मानू द्या.

मोठ्या बॅगेत सगळ्यात वर एक जाड प्लॅस्टिकची पिशवी मोकळी ठेवा. शेवटची डुबकी होणारच आहे, आणि ओले कपडे त्या पिशवीतच जाणार आहेत.